पहिला नंबर

टॅक्सीस्टँडची रीत साधी होती: ‘पहिला नंबर’ ही पत्र्याची पाटी ज्याच्या काचेमागे, पुढचं भाडं त्याचं. सकाळपासून ती थोरल्याकडे होती. मागच्या टॅक्सीत धाकटा भाऊ मोबाइल न्याहाळत होता. बॅग ओढत एक बाई आल्या, तशी थोरल्यानं डिकी उघडली. “काका, नव्वद एकवीस गाडी कुठली? ॲपवर बुक केलीय.” त्यानं डिकी लावून धाकट्याकडे बोट दाखवलं. “दादा, गाडी पुढे घे. निघायला जागा नाही,” धाकटा म्हणाला. पेट्रोल वाचवायला रांगेत सगळे गाडी हातानंच ढकलायचे. थोरल्यानं खांदा लावून वाट दिली. “ॲपवर ये म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतोय,” धाकटा खिडकीतून म्हणाला. “नंबर माझा होता.” “अजून तुझाच आहे, दादा.” टॅक्सी गेली. थोरल्यानं गाडी ढकलून जागेवर आणली. मागे कोणीच नव्हतं. त्यानं पाटी पुसून सरळ केली.