निळ्या बुटांची जोडी

“कुत्रं आडवं आलं गं आई,” तो फोनवर सांगत होता. “त्याला वाचवायला गेलो आणि गाडी भिंतीवर.”

प्लास्टरमधला उजवा पाय उशीवर ठेवून बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली. काल मित्राला त्याने सांगितलं होतं की वळणावर तेल सांडलं होतं. परवा तिला म्हणाला होता, “चुकलंच माझं.” अपघात एक आणि तऱ्हा तीन. ती शाळेत शिकवायची. थापा पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण या थापांचा अर्थच तिला लागेना.

बरं, माणूस घरांचे नकाशे काढणारा. रेघ केसभर चुकली तरी अख्खा कागद फाडायचा.

तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. त्या दिवशी ट्रॅक डे होता. हौशी लोकांना आपापल्या गाड्या रेसच्या ट्रॅकवर पळवायला मिळतात, त्यातला. दुपारचं जेवण आठवत होतं. तिचे उंच टाचांचे नवे निळे बूट बघून तो हसला होता, “असल्या टाचा घालून कुणी ट्रॅकवर येतं का?” मग तिने नेहमीसारखं चिडवलं होतं, “मीही रोज शाळेत गाडी घेऊन जाते म्हटलं. एक फेरी मला दे ना.” आणि तो नेहमीसारखा “बघू” म्हणाला होता. पुढे एकदम हॉस्पिटलचं छत. डोक्याला मार लागलाय, मधलं बहुतेक आठवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

गाडीचं नाव लाली. सासूबाई तिला सुनेची सवत म्हणायच्या. गंजलेला सांगाडा आणून त्याने कित्येक वर्षं संध्याकाळी खपून ती उभी केली होती. स्पोर्ट्स कार बुटकी आणि हा ताडमाड. सीट पार मागे ढकलली तरी गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. पण स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्याला खपत नसे.

“आईंना कुत्रं का सांगितलंस?” तिने विचारलं.

डावा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे तो एका हाताने संत्रं सोलायची खटपट करत होता. “आईला कुत्र्यांचा राग आहे. तिला बरं वाटेल.”

“चेष्टा नकोय मला. खरं काय झालं?”

“सांगितलं ना. चुकलं माझं.” त्याने चेंदामेंदा झालेलं संत्रं तिच्या हातात ठेवलं आणि उठला.

दुपारी गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री आला. मोडलेली लाली खिडकीखालच्या गॅरेजमध्येच आणून ठेवली होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

“डावी बाजू पार आत गेलीय, साहेब. तिथे बसलेलं माणूस वाचलं हे नशीबच म्हणायचं.”

डावी बाजू म्हणजे तिची जागा.

“इंजिन मात्र ठणठणीत. आपण परत उभी करू लालीला. फक्त ही सीट अडकलीय, ती आधी–”

“काही करू नका,” तो म्हणाला. “भंगारात घाला. उद्या सकाळीच उचला.”

पोटच्या पोरासारखं जपलेलं वाहन, आणि हा असा केरकचऱ्यासारखं बाहेर टाकतोय? बरं, आवाजात हळहळसुद्धा नाही.

संध्याकाळी तिचा बांध फुटला.

“तुझ्या हौसेपायी मी मेले असते. ते एक वेळ विसरेन. पण रोज नवं खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर मला नाही राहता येणार. उद्या मी ताईकडे चाललेय. परत यायचं की नाही, ते तिथे ठरवीन.”

त्याने तिच्या पायाखालची उशी नीट केली. मग म्हणाला, “जा. ताईकडे आराम पडेल तुला.”

नुसतं “थांब” म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून रडली.

सकाळी बॅग भरताना निळ्या बुटांपैकी एकच सापडला, डावा. हॉस्पिटलच्या पिशवीतही तो एकटाच आला होता. उजव्या पायाला प्लास्टर, बूट आता काय कामाचा? पण तिच्या हट्टापुढे कुणाचं काय चाललंय? या घरात आपली अर्धी जोडीसुद्धा ठेवायची नाही, असं तिने ठरवलं. तो फाटकाशी भंगारवाल्याच्या ट्रकची वाट बघत उभा होता. दुसरा बूट गाडीतच राहिला असेल म्हणून ती कुबड्या घेऊन हळूहळू गॅरेजमध्ये गेली.

डावं दार चेपलेलं, उघडेना. ती वळसा घालून उजवीकडे गेली. ते दार उघडलं. आत वाकून बघायचं तर प्लास्टर आडवं येत होतं, म्हणून तिने कुबड्या टेकवून ठेवल्या आणि सीटवर बसून एकेक पाय आत घेतला.

कुठे अवघडलं नाही. तिचे पाय अलगद पेडलपर्यंत पोचले. स्टिअरिंग अगदी हाताशी आलं. तिला नवल वाटलं. तिने सीट मागे ढकलून बघितली, दांडा ओढून बघितला. सीट जागची हलेना.

“अगं, तिथे काय करतेस?” फाटकाकडून तो धावत येत होता, बांधलेला हात छातीशी धरून. “बाहेर ये आधी! तिथे काही नाहीये!”

तिने खाली वाकून बघितलं. तिचा उजवा निळा बूट तिथेच होता, उंच टाच ब्रेकच्या पेडलखाली घट्ट रुतलेली.