निरोप्याची भूमिका

"जहाज बुडालं, मालक," दारातून आत येता येताच तो माणूस म्हणाला.

फिलाग्रोसने कपाळाला हात लावला. सकाळपासून निरोप्याच्या भूमिकेसाठी त्याच्या घरच्या अंगणात आलेले सगळे असेच. त्याच्या नव्या शोकनाटकात राजाचं गलबत बुडायचं होतं. अथेन्सच्या रंगमंचावर मरण दाखवत नाहीत, ते निरोप्याने येऊन सांगायचं. म्हणजे अख्खं नाटक त्या एका गळ्यावर! म्हणून नव्या नटाला फिलाग्रोस ओळी देतच नसे. आधी जहाज बुडाल्याचं आपल्या शब्दांत सांग, म्हणे.

"बुडालं? झालं? संपलं नाटक?" तो कोरसच्या म्होरक्याकडे वळला. "ऐकलंस हाग्नॉन? लोकांनी आता ऑलिव्ह चघळत घरी जायचं."

हाग्नॉन हसला. त्याच्यामागे सगळा कोरस हसला.

"मालक, मी नट..."

"नट नाहीस ते दिसतंच आहे. हा आवाज आहे की लोहाराचा फाटका भाता? आणि हे ओले कपडे! खलाशाचं सोंग आणायला अंगावर समुद्र ओतून घेतलास? असले दीडशहाणे मासळीबाजारात ओरडायला बरे. चल, पहिल्यापासून सांग."

"युबिया बेटाच्या टोकाला वारा फिरला. डोलकाठी मोडली. मला एक फळी सापडली."

"आणि बाकीचे?"

"दिसेनासे झाले."

"दिसेनासे झाले!" फिलाग्रोसने नाक दाबून त्याची नक्कल केली. "घरातलं पीठ संपल्यासारखं सांगतोयस. अरे, कुणा एकाला धर, त्याला डोळ्यांसमोर बुडव. आणि नाव सगळ्यात शेवटी. नाव कळलं की माणूस पुढचं ऐकत नाही. एवढं तरी डोक्यात शिरतंय?"

"नाव शेवटी," तो माणूस पुटपुटला. त्याला जणू हायसंच वाटलं.

मग तो खाली मान घालून सांगू लागला. "फळी एकच होती. आम्ही दोघं तिला लटकलो. ती खाली जायला लागली. तो तरणाबांड, मी असा झिजलेला. म्हटलं, आता हा मला ढकलणार. त्याने माझी बोटं फळीवर घट्ट दाबली आणि आपला हात काढून घेतला. लाटेवरून ओरडला, माझ्या घरी जाऊन सांग. मी वर पाहिलं, तर नुसतं पाणी."

अंगणात कुणी हसेना. हाग्नॉन डोळे पुसत होता.

"युथिक्लीस," तो माणूस म्हणाला. "युथिक्लीस त्याचं नाव."

फिलाग्रोसने टाळ्या वाजवल्या.

"आत्ता जमलं, गाढवा! रडवशील तू अथेन्सला. पण माझ्या मुलाचं नाव तुला कुणी सांगितलं?"