विचारून चाललेली वाट

“फक्त ‘नाही’ म्हण, मेव्हिस. एवढा एकच शब्द,” वाटेसाठी गावाच्या बाजूने लढणारा क्लेमंट तिच्या कानाशी कुजबुजला आणि खुर्चीतून उठायला त्याने तिला हात दिला. “वकील विचारेल, परवानगी मागितली होती का? तू म्हणायचं, नाही. की आपण सुटलो.”

मेव्हिस टोलर त्याचा हात धरून उठली. तिचे गुडघे ठणकत होते. सकाळपासून गावच्या हॉलमध्ये बसून अंग आंबून गेलं होतं, आणि मधे मिळालेला चहाही कोमट.

प्रश्न वाटेचा होता. चर्चमागून निघून हार्डकासलच्या शेतातून जाणारी पायवाट. तिच्या टोकाला संत एडिथचा झरा, पुढे जुन्या मठाच्या पडक्या कमानी, आणि त्याही पुढे ओढ्यावरचा दगडी पूल, ज्यावरून एके काळी लोकर वाहणारी घोडी जायची. सुट्टीच्या दिवशी लांबलांबचे लोक कुत्री घेऊन हे सगळं बघायला येत. आता म्हाताऱ्या आयझॅक हार्डकासलने शेत पुतण्याच्या हवाली केलं होतं, आणि पुतण्या डेरेक फाटकाला कुलूप घालायला निघाला होता.

कायदा साधाच होता. मालकाच्या परवानगीवाचून लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने चालत राहिले, तर ती वाट सगळ्यांची होते. पण मालकाने ‘जा’ म्हटलं असेल, तर ती त्याची मेहरबानी. आज दिली, उद्या काढून घेतली.

गावातले बाकीचे कधीमधी जाणारे. रोज जाणारी एकटी मेव्हिस. वीस वर्षांहून जास्त झाली, नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिने नेम धरला होता. सकाळी उपाशीपोटी झऱ्यावर जायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, बाटलीभर पाणी घरी आणायचं. नवरा गेला. नेम राहिला. बर्फात, चिखलात, तापात, तिने तो चुकवला नाही.

हल्ली मात्र ती थकली होती. कधी कधी मनात यायचं, वाट बंदच होऊ दे. नेम आपण मोडला असं होणार नाही, आणि सुटकाही होईल. असं मनात आलं की ती देवाची क्षमा मागायची. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोचेपर्यंत पुन्हा तेच मनात यायचं.

ती साक्षीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. बायबलवर हात ठेवून खरं बोलण्याची शपथ घेतली. सुनावणीला आलेल्या सरकारी बाईंनी तिला बसायला सांगितलं.

डेरेकचा वकील उठला. “मिसेस टोलर, शेतात शिरताना तुम्ही मिस्टर हार्डकासल यांची परवानगी कधी मागितली होती का?”

क्लेमंट मान पुढे काढून तिच्याकडे बघत होता. अख्खा हॉल बघत होता.

“मागितली,” मेव्हिस म्हणाली. “रोज.”

“बुडवलं की गं बाई!” मागून कुणीतरी कण्हलं. क्लेमंटने डोकं धरलं.

“रोज?” वकिलाचाही विश्वास बसेना.

“मग? दुसऱ्याच्या शेतात न विचारता कसं शिरायचं? ते गोठ्याच्या दाराशी उभे असायचे. मी म्हणायचे, ‘मिस्टर हार्डकासल, जाऊ का हो मी?’”

“झालं माझं,” वकील हसत खाली बसला.

सरकारी बाईंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं नाही. “आणि ते काय म्हणायचे?”

मेव्हिसचा चेहरा लाल झाला. ही गोष्ट तिने कधी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

“काही नाही.”

“म्हणजे?”

“काहीच म्हणायचे नाहीत. तोंड फिरवायचे. बादली उचलून आत जायचे. मी थोडा वेळ उभी राहायचे आणि मग जायचे.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “एवढ्या वर्षांत ना ‘हो’, ना ‘नाही’. देवाच्या दारी जाण्याआधी रोज एक अपमान गिळलाय मी, बाईसाहेब. तोही नेमातलाच समजले.”

“हार्डकासलच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा त्याच्या बैलाचं दूध काढणं सोपं!” भिंतीकडून आवाज आला. हॉल हसला. मेव्हिस हसली नाही.

आयझॅक हार्डकासल पहिल्या रांगेत होता. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. डेरेकनेच त्याला साक्षीसाठी आणलं होतं. आता तो काकाच्या कानाशी वाकला.

“काका, सांगा ना त्यांना. मान तरी हलवत असाल की तुम्ही? तेवढंसुद्धा पुरे आहे.”

“नाही,” म्हातारा म्हणाला. “मान नाही हलवली.”

“एकदासुद्धा?”

“एकदासुद्धा.”

डेरेकचा तोल गेला. सगळ्यांच्या देखत तो ओरडला, “अहो, पण ती बिचारी एवढं नीट विचारत होती! साधं ‘हो’ म्हणायला तुमचं काय जात होतं?”

आयझॅकने मान वळवून मेव्हिसकडे पाहिलं. तोंड न फिरवता पाहण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

“रोज सकाळी जिभेवर यायचं रे,” तो म्हणाला. “माझं काहीच जात नव्हतं. तिची वाट गेली असती.”