कच्चा रंग

ज्या रंगाऱ्यानं चाळीस वर्षं जुन्नरची लुगडी रंगवली, त्या पीरमहंमदचं तोंड आता त्याची बायको बिबिजान रंगवत होती. रक्ताच्या कॅन्सरनं अंगातला जोरच गेला आणि जिभेवर, टाळ्यावर पांढरी बुरशी चढली. पाण्याचा घोटही उतरेना. डॉक्टरांनी दिलेलं जांभळं औषध ती कापसाच्या बोळ्यानं लावायची, सकाळी त्याच्यावर पांढरं पुन्हा उगवलेलं असायचं. तो आरशात जीभ बघायचा, जुन्या तोऱ्यात म्हणायचा, “कच्चा रंग हाय गं. टिकायचा न्हाई.” “गप बसा. डाक्टरापरीस तुमाला लई कळतं!” ती चिडून आणखी एक हात द्यायची. जुम्म्याच्या सकाळी तो गेला. मय्यतीला आंघोळ घालता घालता दीर दाराशी आला. “भाभी, ओठांचा रंग निघंना. साबणानं घासू का?” बिबिजाननं जांभळ्या औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट दाबलं. “घासू नगा. त्येंच्या कानात सांगा, रंग पक्का निघाला.”