अंतरा पुन्हा घेताना

बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आधीच आत्यानं पेटीच्या साथीला बसलेल्या केतकीला गाठलं. "दुसऱ्यांदाही मेडिकलची सीट हुकली ना गं? मग सोमवारच्या बॅचला लगेच बस. थांबलीस की संपलीस." केतकीनं भाता जरा जास्तच जोरात ओढला. निकालापासून जो तो तिला नुसता ढकलत होता.

पूर्वरंगात बुवांनी अभंगाचा अंतरा फार वर उचलला आणि त्यांचा आवाज फुटला. "होऊ द्या बुवा, लगेच घ्या पुन्हा," मागून कुणीतरी म्हणालं.

"घेतो की. पण आत्ताच घेतला तर पुन्हा तिथंच फुटेल," बुवा हसले. त्यांनी पाणी मागवलं, उपरण्यानं तोंड पुसलं आणि केतकीला हातानंच थांब म्हटलं. ती सूर धरून बसली. महिन्याभरात तिला थांब म्हणणारे ते पहिलेच. मग अंतरा असा लागला, की तबलजीनंही मान डोलावली.

चपला घालताना आत्यानं विचारलंच, "मग सोमवारी?"

"आत्ता दम नाहीये, आत्या. एक वर्ष जाऊ दे, मग बसेन परीक्षेला," केतकी म्हणाली. "आणि तोवर रोज रोज विचारू नकोस."