गुडघाभर समुद्र

दगडाची लादी टेबलावर आली तशी सरांनी आधी तिच्यावरून हात फिरवला, मग भिंग मागितलं. दोन्ही गुडघे कामातून गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ते या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अडकले होते. डोंगरातल्या त्यांच्या कड्याची आठवण येऊन जीव कासावीस झाला नाही, असा एक दिवस गेला नव्हता.

"कुठली ग ही?"

"तुमच्याच कड्यातली. तुमचाच थर," त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणाली. आता ती स्वतः भूशास्त्राची विभागप्रमुख होती. तरी या खोलीत आली की ती पुन्हा विद्यार्थिनीच व्हायची, आणि आज तर पाय उंबऱ्यातच अडखळले होते.

सरांनी उभा जन्म एकाच गोष्टीवर काढला होता: तिथे एकेकाळी अथांग समुद्र होता. पुरावा म्हणजे कड्याच्या पायथ्याशी पडलेली एक लादी. तिच्यावर उठून आलेली बारीक जाळी ही खोल, काळोख्या तळातल्या किड्यांची बिळं, असं त्यांनी छापलं, शिकवलं, आणि कुणी शंका काढलीच तर त्याला फाडून खाल्लं.

"ही पडलेली नाही, सर. जागेवरून कापून आणलीय. खालचा चिखलाचा थर अजून चिकटलेला आहे."

सरांच्या लादीचा तो थर पावसापाण्यात केव्हाच धुऊन गेला होता. त्यांनी कापलेल्या कडेला भिंग धरलं. जाळीची प्रत्येक रेघ चिखलात पाचरीसारखी निमुळती होत उतरली होती. किडा काही असं बीळ पाडत नाही. उन्हात तडकलेल्या चिखलाच्या भेगांत वाळू बसली की हे असं दिसतं. हे तिला त्यांनीच तर शिकवलं होतं!

"म्हणजे पाणी हटायचं," सर म्हणाले. "ऊन लागायचं."

"हो. आणि भरती आली तरी गुडघाभर. फार तर. शोधनिबंध पाठवला नाहीये अजून. तुम्ही नको म्हणालात तर..."

"गप्प बस."

सरांची बायको पाणी घेऊन आली, दोघांची तोंडं पाहिली आणि पेले ठेवून आल्या पावली परत गेली.

सरांनी भिंग बाजूला ठेवलं आणि लादीवर तळवा टेकवला. आता बरसणार, म्हणून ती अंग चोरून बसली.

"गुडघाभर," ते हळूच म्हणाले. "अगं, मग उभं राहता आलं असतं की तिथे!"

"हो, सर."

"तू राहिलीस उभी? त्या थरावर?"

"खूप वेळ."

"बूट घालून?"

ती ओशाळली. "हो."

"काढायचेस ना ग, वेडे."