जोडून देते

दिवसभर ऑफिसात फोनवर लोकांना "राउटर बंद करून चालू करा, सिग्नल येतोय का बघा," हेच सांगून सांगून लेक घरी आली, तेव्हा तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

आई टीव्हीचा रिमोट कानाला लावून बसली होती. तिची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेलेली. आता पोटची पोरही ओळखू येत नव्हती, पण ड्यूटी काही सुटली नव्हती.

"नमस्कार, एक्स्चेंज. कुठला नंबर हवाय?"

एरवी लेक हुज्जत घालायची, "आई, अगं तो रिमोट आहे!" आज तेवढंही बळ नव्हतं. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून ती शेजारी टेकली आणि म्हणाली, "माझ्या आईशी बोलायचंय. लागेल का लाइन?"

"थांबा हं, जोडून देते."

आईने बटणं दाबली. बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली. मग रिमोटवर हात धरून हळूच म्हणाली,



"पलीकडे रिंग जातेय हो, पण कुणी उचलत नाहीये. तुम्ही मात्र फोन ठेवू नका, बाई. मी आहे लाइनवर."